पदविका हाती, हप्ता माथी

दहावी-बारावीचे निकाल लागले की विरार आणि नालासोपारा स्थानकांच्या परिसरात फलकांना नवी पालवी फुटते. डी.एम.एल.टी., एक्स-रे तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह साहाय्यक! पांढरा कोट घातलेली हसरी मुलगी, तिच्या पायाशी ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘सुलभ हप्त्यांची सोय’. फलकावर सर्व काही असते. एकच आकडा नसतो : गेल्या वर्षी येथून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पहिला पगार किती मिळाला?

हा आकडा लपवला जातो की तो विचारायचे कोणाला सुचतच नाही, हा प्रश्न आहे. वसई-विरारची वस्ती ज्यांनी वाढवली, ती कुटुंबे बहुतांशी कष्टकरी आणि नोकरदार आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले, मुंबईतील घरे आवाक्याबाहेर गेली आणि माणसे लोकलच्या रुळांबरोबर उत्तरेकडे सरकली. ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. या घरांतून सदनिकेचा हप्ता आधीच चालू असतो. डॉक्टर होण्याचा खर्च परवडत नाही, पण मुलीने ‘मेडिकल लाइन’ला जावे ही आईची आस असते. फलक नेमका त्या आसेवर बोट ठेवतो.

तेव्हा भावना बाजूला ठेवून हिशेब मांडायला हवा. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, वर्षाचे शुल्क एक लाख, व्याजदर ११ टक्के असे धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचे एक वर्ष बँक हप्ता मागत नाही; पण सरळ व्याज मात्र चढत राहते. पहिल्या लाखावर चार वर्षांचे, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन वर्षांचे; एकूण ९९ हजार. म्हणजे हप्ता सुरू होण्याच्या दिवशी तीन लाखांचे कर्ज चार लाखांचे झालेले असते. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ६,८५० रुपये. ‘मुदत वाढवून घ्या’ असा सल्ला मिळतो. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता साडेचार हजारांवर येतो खरा. पण घेतलेल्या तीन लाखांपोटी बँकेत सव्वाआठ लाखांच्या आसपास भरले जातात.

आता पगाराची बाजू. खासगी प्रयोगशाळा काय देतात, ते क्षणभर सोडून देऊ. खुद्द शासनाच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या महाराष्ट्रातील कंत्राटी भरतीच्या जाहिरातींत प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे मानधन महिना १७ हजार असे वाचायला मिळालेले आहे. १७ हजारांतून ६,८५० वजा झाले की पगाराचा चाळीस टक्के भाग गेला. उरलेल्या दहा हजारांत लोकलचा पास, डबा, औषधपाणी आणि घरी द्यायचे चार पैसे. रात्रपाळी असेल तर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत फलाटावर काढलेला वेळ वेगळा. त्याचा भत्ता कोणी देत नाही.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी आहे, अनुकरणासाठी नव्हे, तर इशारा म्हणून. तेथे सार्वजनिक पैशावर चालणारी ‘कम्युनिटी कॉलेजे’ क्ष-किरण तंत्रज्ञासारखे दोन वर्षांचे अभ्यासक्रम तुलनेने स्वस्तात शिकवतात. त्यांच्या शेजारी नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याही उभ्या राहिल्या. त्यांपैकी ‘कोरिंथियन कॉलेजेस’ ही वैद्यकीय साहाय्यकांचे अभ्यासक्रम विकणारी मोठी साखळी २०१५ मध्ये कोसळली आणि २०२२ मध्ये तिच्या ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज सरकारला माफ करावे लागले. फसवणूक कंपनीने केली, भुर्दंड करदात्याला! या काळात तेथे एक नियम घडला, मोडला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आणला गेला. कर्जाचा वार्षिक हप्ता कमाईच्या ८ टक्क्यांत बसावा, निदान निर्वाहखर्च वजा जाता उरणाऱ्या कमाईच्या २० टक्क्यांत तरी. ज्या अभ्यासक्रमाला दोन्ही जमत नाही, त्याला सरकारी कर्ज मिळू नये, असा त्याचा आशय.

ही ८ टक्क्यांची फूटपट्टी विरारला लावली तर? १७ हजारांचे ८ टक्के म्हणजे १,३६० रुपये. सात वर्षांच्या मुदतीत एवढ्या हप्त्यात फिटते ते ८० हजारांच्या आतले कर्ज. उलट बाजूने पाहिले तर ६,८५० चा हप्ता या मापात बसवण्यासाठी पगार ८५ हजारांवर हवा. हे माप फार कडक वाटत असेल तर सोडून द्यावे. पगाराचा पाचवा हिस्सा हप्त्याला गेला तरी चालेल असे उदारपणे म्हटले, तरीही ३४ हजार पगार लागतो. फलकावरील हसऱ्या मुलीला कोणी तो देणार आहे काय?

संस्थाचालकांचे उत्तर ठरलेले आहे : आरोग्यक्षेत्र वाढते आहे, करोनाकाळात तंत्रज्ञांची टंचाई साऱ्या जगाने पाहिली. ते खोटे नाही. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू आहे, गल्लोगल्ली प्रयोगशाळा उघडल्या आहेत. पण टंचाई असूनही पगार वाढत का नाही, याचे उत्तर ते देत नाहीत. जेथे नोंदणी नसलेला, सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेला मुलगा आठ-दहा हजारांत त्याच यंत्रापाशी उभा केला जातो आणि कोणी हटकत नाही, तेथे तीन वर्षे शिकलेल्या मुलीच्या पदविकेला भाव कसा येणार? अणुऊर्जा नियामक मंडळ क्ष-किरण यंत्र चालवणाऱ्यासाठी पात्रता ठरवून देते. महाराष्ट्रात परावैद्यक परिषद आहे. नियम कागदावर आहेत, त्यांची तपासणी मात्र अभावानेच आढळते.

‘पुढे स्वतःची लॅब टाकता येईल’ हे आणखी एक आमिष. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रयोगशाळेच्या अहवालावर पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत विकृतिशास्त्रज्ञाचीच प्रतिस्वाक्षरी हवी. पुढे केंद्राने नियमांत काही बदल केले. तंत्रज्ञाने एकट्याच्या सहीवर अहवाल द्यावा, ही मुभा त्यातून मिळत नाही. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी किती संस्था सांगतात?

सर्वांत संतापजनक आहे तो ‘सेवा’ या शब्दाचा वापर. पगार विचारला की ‘हे सेवेचे क्षेत्र आहे, पैशाकडे पाहू नका’ असे ऐकवले जाते. सेवा हा या मातीतला पवित्र शब्द आहे. ज्याने घरदार सोडून वनवासी पाड्यांवर दवाखाना चालवला, त्याला तो शोभतो. एक लाख शुल्क रोख मोजून घेणाऱ्याने तो विद्यार्थिनीला ऐकवणे हा शब्दाचाच अपमान होय. सेवा करायचीच असेल तर आधी शुल्काच्या खिडकीवर करावी!

संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. साहाय्यक पदांसाठी किमान दोन हजार तास आणि पदवीधर व्यावसायिकांसाठी ३,६०० तास शिक्षण त्याने बंधनकारक केले. त्याची अंमलबजावणी इतकी रेंगाळली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. त्यानंतर २०२५ च्या सत्रापासून हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली, हे योग्यच झाले. तथापि तास मोजणाऱ्या या व्यवस्थेने कमाई मोजायला अजून सुरुवात केलेली नाही.

पालकांच्या हाती तोवर काही साध्या खुणा आहेत. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. मात्र अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो. बँक नाही म्हणते आणि संस्था लगेच एखाद्या खासगी वित्त कंपनीचा माणूस समोर बसवते, तेव्हा बँकेच्या नकारातच उत्तर मिळालेले असते. मंगळसूत्र गहाण ठेवून ते खोटे ठरवण्याचा प्रयत्न करू नये. दुसरे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा तीन वर्षांचा आणि वर्षभराच्या आंतरवासितेचा अभ्यासक्रम आहे. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. पण एक वर्ष थांबून तेथे प्रवेश मिळवणे कर्ज काढण्यापेक्षा स्वस्त पडते. तिसरे, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले आहे. ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशालाच आहे. ‘थेट प्रवेश’ घेतला की ती गेली.

आणि महापालिकेने काय करावे? वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज रुग्णालय तिच्याकडे आहे. यंत्रे आहेत, रुग्ण आहेत, शिकू इच्छिणारी मुले दाराशी आहेत. विद्यापीठाशी संलग्न होऊन तीस-चाळीस जागांचा अभ्यासक्रम अल्प शुल्कात सुरू करणे या महानगराला अशक्य नाही. राज्याच्या परिषदेने तर एवढेच करायचे आहे : नोंदणी देताना प्रत्येक तंत्रज्ञाकडून संस्थेचे नाव, भरलेले शुल्क आणि नूतनीकरणाच्या वेळी चालू पगार, ही माहिती घ्यायची आणि दरवर्षी मे महिन्यात, प्रवेशाआधी, संस्थावार जाहीर करायची.