गाठीला न्याय, पिशवीला पंचनामा



आपला कापूस जिनिंगमधून गाठ होऊन परदेशी गिरणीकडे निघाला, की त्याच्यामागे कायदा उभा राहतो. माल उशिरा पोचला, हलका निघाला, तर खरेदीदाराने काय करायचे हे १९८० च्या व्हिएन्ना करारात लिहिले आहे. बदली माल मागा, किंमत कापा, दोष मोठा असेल तर सौदा मोडा. वर बुडालेल्या नफ्यासकट भरपाई घ्या. भारत या करारात नाही. पण कापसाचे कितीतरी सौदे लिव्हरपूलच्या नियमांनी होतात, आणि तिथेही धाग्याच्या लांबीची तक्रार लवादापुढे जाते.

आता उमरखेडचा खरेदीदार पाहा. होय, आपणही खरेदीदारच! जूनमध्ये बियाण्याची पिशवी रोख मोजून घेतो. उगवली नाही तर? समिती येते, पंचनामा होतो, फार तर पिशवीचे पैसे मिळतात. अहो, बुडाली ती पिशवी नव्हे, हंगाम बुडाला! वखरणी, खत, मजुरी गेली. मृगाचा ओलावा कोणती कंपनी परत देणार? कोरडवाहूला दुबार पेरणी म्हणजे दुबार कर्ज. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याने हे भोगले.

कंपनीचे उत्तर ठरलेले: पाऊस कमी, पेरणी खोल. आम्ही शेतीशास्त्र शिकलो आहोत. त्याच शेतात, त्याच वाफशावर, त्याच दिवशी पेरलेला दुसरा लॉट उगवला असेल, तर दोष पावसाचा कसा? पंचनाम्यात त्या ओळींचीही नोंद करवून घ्या.

कायदा नाही असे नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ५९ किंमत कापून वर नुकसानीचा दावा करू देते. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, शेतकरी हा ग्राहकच आहे. सारे बियाणे पेरणाऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, ही अपेक्षाच चूक. २०१९ च्या कायद्याने यवतमाळच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षे.

म्हणून बिल, पिशवी, लेबल जपा. उगवण फसताच कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एकट्याने नको, गावाने मिळून द्या.

आम्ही दया मागत नाही. गिरणीचा बुडाला तो नफा, आणि आमचा बुडाला ते नशीब? माप एकच लावा!