अपघाताचे शवविच्छेदन

रुग्णालयात कोणी दगावले की डॉक्टरला 'नमुना ४' हा दाखला भरावा लागतो. मृत्यूचे कारण त्यात एका शब्दात लिहून भागत नाही. तात्काळ कारण कोणते, ते कशामुळे उद्भवले आणि त्याच्याही मुळाशी काय होते, अशा ओळी एकाखाली एक भराव्या लागतात. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिलेला दाखला अपुरा मानतात. हृदय तर प्रत्येक मृताचेच बंद पडलेले असते. ते का बंद पडले हे कळले तरच पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग. विमान पडले की 'वैमानिकाची चूक' हे शब्द नेमके असेच वापरले जातात. ते खोटे असतातच असे नाही. पण ती दाखल्यावरची फक्त पहिली ओळ असते.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जणांचा बळी गेला. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहातले विद्यार्थीही त्यात होते. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात, दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने बंद झाल्याची नोंद होती. ते का बंद झाले, याचे उत्तर त्या अहवालात नव्हते. तरीही वाहिन्यांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर निकाल केव्हाच लागून गेला होता. ही घाई समजण्यासारखी आहे. मोठ्या दुःखाला एखादा दोषी चेहरा सापडला की मन जरा शांत होते. पण त्या शांततेची किंमत पुढच्या विमानातले प्रवासी मोजतात.

असा एक धडा मुंबईच्या दाराशीच मिळालेला आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ विमान दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. सर्व २१३ जण मरण पावले. सुरुवातीला घातपाताचा संशय घेतला गेला. उड्डाणाच्या नोंदी हाती आल्यावर चित्र पालटले. विमान उजवीकडे थोडे वळून पुन्हा सरळ झाले होते, पण विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे मुख्य वैमानिकासमोरचे उपकरण उजवा कलच दाखवत राहिले. तो कल काढण्यासाठी वैमानिकाने विमान डावीकडे झुकवले, मग आणखी झुकवले. विमान डाव्या कुशीवर जाऊन त्याहीपलीकडे कलंडले आणि पाण्यात गेले. उपकरण बिघडल्यावर वैमानिकाला विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

एवढे अवाढव्य विमान कुशीवर जाते आणि आत बसलेल्या अनुभवी वैमानिकाला ते जाणवत नाही, हे कसे? याचे उत्तर आपल्या कानात आहे. तोल सांभाळण्यासाठी शरीर तिघांवर अवलंबून असते: डोळे, स्नायू-सांध्यांकडून येणारे संदेश आणि आंतरकर्ण. आंतरकर्णात एकमेकींशी काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की नलिका वळते, तिच्यातला द्रव क्षणभर मागे राहतो, त्याने सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला 'वळलो' असा निरोप जातो. तेच वळण एका वेगाने चालू राहिले, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो, केस सरळ होतात आणि वळणे थांबले असे मेंदूला वाटते. अगदी संथ वळण तर या नलिकांना कळतच नाही. गोल गोल फिरून थांबलेल्या मुलाला जमीन फिरताना दिसते, ती या द्रवाचीच करामत.

जमिनीवर ही चूक डोळे दुरुस्त करतात. अंधाऱ्या समुद्रावर क्षितिजच नसते. डोळ्यांना आधार उरतो तो फक्त समोरच्या उपकरणांचा. तेच खोटे बोलू लागले तर कान त्याला पकडू शकत नाहीत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये २० शिकाऊ वैमानिकांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा परिस्थितीत विमान चालवायला लावले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. नियंत्रण सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. म्हणून वैमानिकाला अंगाला जे वाटते त्यावर विश्वास न ठेवता सगळी उपकरणे एकमेकांशी ताडून पाहायला शिकवतात. वांद्र्यासमोरच्या दुर्घटनेत तिसरे उपकरण शाबूत होते. फ्लाइट इंजिनीअरने सावध करायचा प्रयत्नही केला, पण वेळ उरली नव्हती. 'वैमानिकाची चूक' या पहिल्या ओळीखाली आणखी तीन ओळी भराव्या लागतात: बिघडलेले उपकरण, अंधारात फसणारे शरीर आणि वेळेत न पोहोचलेला सहकाऱ्याचा इशारा.

शरीराची दुसरी मर्यादा झोपेची. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे दरीत गेले. १६६ पैकी १५८ जण मरण पावले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत आढळले की मुख्य वैमानिक प्रवासात दीड तासाहून अधिक वेळ झोपला होता. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात त्याचे घोरणे ऐकू येत होते. गाढ झोपेतून उठलेल्या मेंदूला पूर्ण शुद्धीवर यायला वेळ लागतो. पंधरा मिनिटे, अर्धा तास, कधी त्याहून जास्त काळ निर्णयशक्ती मंद राहते, आणि पहाटेच्या वेळी ही गुंगी अधिक असते. विमान ठरलेल्या उंचीपेक्षा खूप वर होते. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सुचवले, यंत्रानेही इशारे दिले. तरी विमान उतरवले गेले आणि निम्मी धावपट्टी संपल्यावर जमिनीला टेकले.

काही वेळा कारण कॉकपिटच्या बाहेर असते. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाच्या इंजिनातील चकती धातूला पडलेल्या सूक्ष्म तड्यामुळे फुटली, आग लागली आणि ९५ जण गेले. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून उडणारे बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. ५५ जण मरण पावले. विमान उचलायला वैमानिकांनी उशीर केला, हे कारण चौकशीत नोंदले गेले. त्याच्याच जोडीला उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती, हेही नोंदले गेले. वाहतूक थांबवलेली असती तर वैमानिकाची तीच चूक कदाचित कोणाच्या लक्षातही आली नसती.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हे समजावण्यासाठी छिद्रे असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली. भिवंडीच्या वाचकाला कापडाची उपमा जवळची वाटेल. विरलेल्या कापडाचे चार थर एकावर एक ठेवले तर एकाचे भोक दुसऱ्याने झाकले जाते. चारही थरांची भोके एका रेषेत आली, तरच उजेड आरपार जातो. अपघात म्हणजे तशी रेषा जुळणे. शेवटच्या थराला शिक्षा करून आधीच्या तीन थरांची भोके बुजत नाहीत.

विमानप्रवास आज इतका सुरक्षित झाला तो ही भोके शोधण्याच्या सवयीमुळे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीतील परिशिष्ट १३ स्पष्ट सांगते की अपघात चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे. दोष किंवा जबाबदारी वाटून देणे हा नाही. भारतातही २०१२ पासून त्यासाठी विमान अपघात अन्वेषण विभाग काम करतो. गुन्ह्याचा तपास हवा तर स्वतंत्रपणे होतो, आणि जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईला शिक्षा व्हायलाच हवी. मात्र खरे बोलल्यास तुरुंग वाट्याला येणार असेल, तर खरे कोणी बोलत नाही, हे विमान क्षेत्राने ओळखले.

वैद्यकशास्त्राने या क्षेत्राकडून उघडपणे उसनवारी केली आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचे एक चाचणी विमान, सुकाणू जखडून ठेवणारी कळ सोडायची राहून गेल्यामुळे कोसळले. त्यातून उड्डाणाआधीची तपासणी-यादी जन्मली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियागृहासाठी तशीच यादी आणली. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, गॉज मोजले का, असे साधे प्रश्न मोठ्याने विचारायचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. 'साहेब, थांबा' असे परिचारिकेने सर्जनला म्हणणे आणि सहवैमानिकाने कॅप्टनला म्हणणे, या दोन्हींतून जीव वाचतात.

मग ही शिस्त भिवंडीपर्यंत का पोहोचू नये? २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे चाळीस जण झोपेतच गाडले गेले. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्यातील वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळून आठ जण दगावले. दोन्ही वेळा गुन्हे दाखल झाले, आणि ते योग्यच होते. पण इमारत का पडली, आधी कोणती लक्षणे दिसत होती, ती कोणी पाहिली, कोणाला सांगितली आणि सांगूनही काय झाले नाही, हे सांगणारा अहवाल शेजारच्या तशाच इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती पडण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

रोजच्या लहान अपघातांची तर तेवढीही दखल घेतली जात नाही. धोटा उडून डोळा गेला, पट्ट्यात हात सापडला, मुंबई-नाशिक महामार्गावर कंटेनर दुभाजकावर चढला. केसपेपरवर जखम लिहिली जाते आणि तोंडी कारण सांगितले जाते: 'लक्ष नव्हते.' लक्ष का नव्हते? यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि दिवसा तापलेल्या खोलीत, आळीपाळीने झोपणाऱ्यांच्या गर्दीत झोप पुरी होत नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. नाक्यावर चालकाच्या तोंडाचा वास घेतला जातो. तो शेवटचा कधी झोपला, हे कोणी विचारत नाही. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली गेली, तेव्हा त्या नियमांवरून देशभर चर्चा झाली. ट्रकचालकाचा आणि माग कामगाराचा मेंदू वैमानिकाच्या मेंदूपेक्षा वेगळ्या मातीचा नाही.

करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. कामावर झालेल्या प्रत्येक जखमेच्या केसपेपरवर दोन प्रश्न वाढवता येतील: पाळीचा कितवा तास होता आणि शेवटची झोप कधी व किती झाली? महिन्याकाठी या नोंदी एकत्र केल्या, तर कोणत्या तासाला आणि कोणत्या यंत्रावर जखमा होतात हे नकाशासारखे दिसू लागेल. जीवघेण्या प्रत्येक दुर्घटनेनंतर पोलीस तपासापासून वेगळा, मुदतीत पूर्ण होणारा 'संभाव्य कारण' अहवाल महापालिकेने आणि कारखाने निरीक्षकांनी प्रसिद्ध करावा, आणि तो मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगूतही असावा. ज्यांच्या डोक्यावर ते छत आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे. भिंतीला तडा गेल्याचे किंवा मागाचे संरक्षक कवच काढून ठेवल्याचे कळवणाऱ्याची नोकरी आणि खोली शाबूत राहील, एवढी हमी हवी.

विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा रंग प्रत्यक्षात भगवा-नारिंगी असतो, ढिगाऱ्यात तो चटकन दिसावा म्हणून. भिवंडीतल्या अपघातांच्या नोंदी रुग्णालयाच्या, पोलीस ठाण्याच्या आणि पालिकेच्या वेगवेगळ्या कपाटांत पडून असतात. त्या एका टेबलावर आणून वाचायला कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही.