मुद्दा कोणी काढायचा?

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत सारांशलेखनाला स्थान आहे. अपठित उतारा वाचून त्याचा एक-तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा, अशी तेथे अपेक्षा असते. परंतु या प्रश्नाला पत्रलेखनाचा पर्याय दिलेला आहे. पत्राचा साचा पाठ करता येतो; अनोळखी उताऱ्याचा गाभा पाठ करता येत नाही. तेव्हा विद्यार्थी पत्राकडे वळला, तर त्यात नवल नाही. वाचलेल्या मजकुरातील मुद्दे वेगळे काढणे हे खरे तर सर्व अभ्यासाचे मूळ. पण शालेय व्यवहारात ते टाळता येण्याजोगे काम होऊन बसले आहे.

दहावीला कृतिपत्रिका आल्या, त्या घोकंपट्टीला आळा घालण्यासाठी. हेतू निःसंशय चांगला होता. उताऱ्याखाली आकृतिबंध, ओघतक्ते आणि चौकटी येऊ लागल्या. तथापि या चौकटी प्रश्न काढणाऱ्याने आधीच आखलेल्या असतात. मुख्य विचार कोणता, त्याचे पोटविभाग किती, कारण कोठे आणि परिणाम कोठे, याचा निर्णय परस्पर झालेला असतो. मुलाने केवळ शब्द शोधून भरायचे. घराचा नकाशा दुसऱ्याने काढावा आणि मुलाने खोल्यांवर नावे लिहावीत, असा हा प्रकार आहे. उरलेसुरले काम बाजारातील गाइडे आणि फळ्यावर उतरवून दिलेले मुद्दे पूर्ण करतात.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : मुलांना आधी वाचता तर येऊ द्या. आक्षेप निराधार नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला; २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्के होते. परंतु अक्षरे जुळवणे आधी आणि अर्थ लावणे मागाहून, असा क्रम मानणे हीच चूक आहे. जे मूल अद्याप अडखळत वाचते, तेही ऐकलेल्या गोष्टीत काय आधी घडले, कशामुळे घडले आणि काय वगळले तरी चालेल, हे सांगू शकते.

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारख्या ठिकाणी या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. झरी-जामणी तालुक्यातील हा परिसर तेलंगणाच्या सीमेलगतचा आणि कोलाम व गोंड वस्तीचा. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातील मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठी हीदेखील शिकावी लागणारी भाषा असते. त्याला घरच्या भाषेत गोष्टीचे टप्पे पाडू दिले, तर विचाराची मांडणी तेथेच सुरू होते. मराठी तिच्यामागून येते.

या परिसरात जमिनीखाली चुनखडी आहे, कोळसा आहे. २०२२ मध्ये मुकुटबन येथे मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. अशा ठिकाणी वाचन हा केवळ परीक्षेचा विषय राहत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि आघात-अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तो सारांश सादर करण्याची जबाबदारी प्रकल्प मांडणाऱ्यावरच असते. म्हणजे शेकडो पानांतील काय महत्त्वाचे आणि काय गौण, हे ज्याचा प्रकल्प तोच प्रथम ठरवतो. त्यात लबाडी असतेच असे नव्हे. पण सारांशात काय आले नाही, हा प्रश्न विचारण्यासाठी सारांश कसा काढतात हे ठाऊक असावे लागते. पीकविम्याच्या अटी, कर्जाचा करारनामा, कीटकनाशकाच्या डब्यावरील बारीक अक्षरांतील सूचना, सर्वत्र हीच कसोटी लागते.

मराठीला ही विद्या परकी नाही. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातून चक्रधरस्वामींची वचने निवडून केसोबासांनी सूत्रपाठाची विषयवार रचना केली. विचार आणि आचार अशी त्यातील प्रकरणांची नावेच सांगतात, की वेचणे आणि वर्ग पाडणे हे केवढे बौद्धिक कार्य आहे.

वर्गात यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. एक परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे आणि दोन प्रश्न विचारावेत : हे कशाविषयी होते? त्याविषयी काय सांगितले? पहिल्याचे उत्तर हे शीर्षक, दुसऱ्याचे उत्तर हे मुद्दे. नंतर प्रत्येक मुद्द्याखाली त्याचा आधार कोणता, ते लिहावे. दोन मुलांची टिपणे निराळी निघाली, तर खोडरबर घेण्याऐवजी दोघांनाही मूळ मजकुरातील ओळ दाखवायला सांगावे. त्या वादातच खरे वाचन घडते. मात्र शिक्षकाने आपले मुद्दे फळ्यावर लिहून दिले, की ही पद्धतही नवे पाठांतर बनेल.

दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला यासाठी वेळ कोठून मिळावा, हा प्रश्न उरतोच. अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा तगादा कमी केल्याखेरीज त्याला उत्तर नाही. आठवड्यातून एकच पाठ, पण मुलांनी स्वतः उलगडलेला, हे प्रशासनाने मान्य केले पाहिजे. परीक्षा मंडळानेही सारांशलेखनाचा पर्याय काढून तो प्रश्न अनिवार्य करावा. परीक्षेत जे टाळता येते ते वर्गात शिकवले जात नाही, आणि वर्गात जे शिकवले जात नाही त्याची किंमत पुढे गावाला मोजावी लागते.