चिमणीचा वायू, कोणाच्या खात्यावर?



हवामान बिघडले की पहिले बोट आपल्याकडे येते. पऱ्हाट्या जाळू नका, धसकटे पेटवू नका! जाळाव्यात असे आम्हीही म्हणत नाही. पण चंद्रपूर, कोराडी, परळीच्या चिमण्या आपल्याच कापसाच्या मुलखात कोळशाचा धूर सोडतात. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब कोण देणार?

हा वायू धरण्याची एक युक्ती अमेरिकेत २०१० नंतर सरकारी पैशाने तपासली गेली. धूर दाबाने अशा नळीतून सोडायचा, जी मध्ये आवळलेली आणि पुढे फाकलेली असते. तिथे तो आवाजापेक्षा जास्त वेगाने धावतो, पसरतो आणि एकदम गार पडतो. इतका की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचे पाणी न होता सरळ बर्फ होते. बर्फाचे कण जड, म्हणून वळणावर ते बाहेरच्या कडेला फेकले जातात. दुधातली मलई वेगळी करणारे यंत्रही जड-हलके असेच निवडते. ते यंत्र १८७८ साली आणि ती नळी १८८८ साली, दोन्ही स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी काढली.

मग अडले कुठे? उपणताना दाणा खाली पडतो, भुसा उडतो. इथे बर्फाचा दाणाच भुशाहून बारीक होतो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. प्रयोग करणाऱ्यांपुढे मोठा पेच हाच होता. शिवाय धुराला दाब द्यायला वीज लागते, आणि ती काही फुकट येत नाही.

धरलेला वायू ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. कोणी म्हणेल, युरिया करा. युरियाला हा वायू लागतो हे खरे. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे ३३ किलो वायू जिरतो. पण युरिया मातीत पडला की फुटतो आणि तो वायू पुन्हा मोकळा होतो. म्हणजे पोते ही कोठडी नव्हे, धर्मशाळा आहे!

आमचा विज्ञानाला विरोध नाही. यंत्र जरूर यावे. मात्र त्याचा खर्च चिमणीच्या मालकाने सोसावा. तो कृषिपंपाच्या बिलात घुसवू नये, आणि युरियाच्या पोत्याबरोबर चिमणीचे पाप आमच्या माथी मारू नये. जिल्हा बैठकीला साहेब आले की एवढेच विचारा: वायू धरला तर किती, ठेवला कुठे आणि पैसे दिले कोणी?