पुनर्वसनाचे ज्ञान : परवाना कोणाचा, कसोटी कोणाची?

मळणीयंत्रात हात गेलेल्या शेतमजुराची जखम भरून आली म्हणजे त्याचा प्रश्न सुटला असे होत नाही. उरलेल्या शक्तीने कोणते काम करता येईल, त्यासाठी काय शिकावे लागेल, कृत्रिम हात कोठे मिळेल, मालकाकडून व शासनाकडून हक्काचे काय मिळवता येईल, हे प्रश्न त्यानंतरच उभे राहतात. त्यांची उकल करण्यास साहाय्य करणे आणि खचलेल्या मनाला उभारी देणे हे पुनर्वसन समुपदेशकाचे काम. ते कोणी करावे, त्याच्याजवळ किती ज्ञान असावे आणि त्या ज्ञानाची पारख कोणी करावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. मुळात तो सामाजिक न्यायाचा आहे.

भारतात त्याचे कायदेशीर उत्तर १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियमाने दिले. विशेष शिक्षक, वाचा-उपचार तज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे, व्यवसाय-मार्गदर्शक, पुनर्वसन समुपदेशक असे निरनिराळे वर्ग या कायद्याने व परिषदेने मान्य केले. मान्यताप्राप्त पात्रता मिळवून केंद्रीय नोंदवहीत नाव घातल्यावाचून हा व्यवसाय करण्यास मनाई झाली. ती मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा मूळ कायद्याने ठेवली.

मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांना असे परवाने मान्य नाहीत. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ या ग्रंथात व्यवसायाचा परवाना म्हणजे त्या व्यवसायातील मंडळींची मक्तेदारी, असा युक्तिवाद केला. त्यात तथ्याचा अंश आहे. परंतु अपंग व्यक्ती समुपदेशकाकडे जाते ती बाजारात भाजी निवडावी तशी नव्हे. सल्ला चुकीचा होता हे कळेपर्यंत तिची उमेदीची वर्षे निघून गेलेली असतात. देणारा जाणतो आणि घेणारा जाणत नाही, अशा ठिकाणी बाजार न्याय करू शकत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या संदर्भात दाखवून दिले. पैसेवाल्याला दुसरा सल्लागार मिळतो. गरिबाला एकच मिळतो. म्हणून त्या एकाच्या ज्ञानाची हमी समाजाने घेतली पाहिजे.

मात्र प्रमाणपत्राने प्रश्नाचा निम्माच भाग सुटतो. उरलेला भाग अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांच्या चरित्रात दिसतो. पोलिओमुळे मानेखाली पांगळ्या झालेल्या या तरुणाला १९६० नंतरच्या दशकारंभी कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने नोकरीस कायमचा अपात्र ठरवून शिक्षणासाठी साहाय्य नाकारले. वृत्तपत्रांत ओरड झाल्यावर निर्णय फिरला. १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्याच रॉबर्ट्सना त्याच खात्याचे संचालक नेमले! त्याच सुमारास, १९७४ मध्ये, समुपदेशकांना प्रमाणित करणारा आयोग अमेरिकेत स्थापन झाला. परीक्षेत काय विचारावे हे ठरवण्यासाठी तो आयोग प्रत्यक्ष काम करणाऱ्या समुपदेशकांची वेळोवेळी पाहणी करतो. पद्धत शिस्तीची आहे. पण ज्याचे आयुष्य त्या सल्ल्यावर ठरते, त्याला कोण विचारणार? अपंगत्व जगलेल्या माणसाचा अनुभव हेही ज्ञान होय. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारास भारताने २००७ मध्ये संमती दिली, त्याच्या २६ व्या कलमात पुनर्वसनासाठी समदुःखितांच्या परस्पर आधाराचा स्पष्ट उल्लेख आहे.

येथील परिस्थितीत आणखी एक पेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग होते. त्यांपैकी १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहत होते. प्रशिक्षण देणाऱ्या संस्था मात्र मुख्यतः शहरांत, आणि शिक्षण खर्चिक. अशा वेळी पात्रतेची अट नुसती कडक केली, तर कायदा पाळला जाईल आणि गाव समुपदेशकावाचून राहील. अट सैल केली, तर गरिबांसाठी दुय्यम ज्ञान ही जुनीच विषमता नव्या नावाने येईल. दोन्ही मार्ग समाजवाद्यांना त्याज्य आहेत.

तिसरा मार्ग खर्चाचा आहे, म्हणून राज्यकर्ते तो टाळतात. गावपातळीवर काम करणाऱ्यास, विशेषतः अपंग कार्यकर्त्यास, पायरीपायरीने पूर्ण पात्रतेपर्यंत जाता यावे. त्याची फी व विद्यावेतन शासनाने द्यावे. तालुक्याच्या ठिकाणी कंत्राटी नव्हे, कायम पदे निर्माण करावीत. पद नसेल तर प्रमाणपत्र म्हणजे सुशिक्षित बेकारीचा दाखलाच. त्याचबरोबर अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि तक्रारींचा निवाडा करणे, या तिन्ही ठिकाणी अपंगांच्या संघटनांना मताधिकारासह जागा मिळाली पाहिजे.

अपंगांचा प्रश्न दयेचा नाही, हे वाक्य आपल्या ठरावांत पुष्कळदा येते. तो हक्काचा असेल, तर चांगला सल्ला मिळणे हाही हक्क ठरतो. तालुका कचेरीवर जाणाऱ्या पुढच्या मोर्चाच्या मागणीपत्रात कार्यकर्त्यांनी पेन्शन आणि दाखल्यांच्या जोडीला प्रशिक्षित समुपदेशकाचे पदही लिहावे.