कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या निसर्ग मंडळाने यंदा भरविलेले छायाचित्रांचे प्रदर्शन बहुतेकांनी पाहिले असेल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील चितळ, शिलोंड्याच्या वाटेवरचे धुके, नीलवंत फुलपाखरू, कान्हेरीच्या खडकावरून धावणारे पावसाचे पाणी. चित्रे सुरेख होती यात शंका नाही. परंतु सगळे दालन फिरून झाल्यावर मला प्रश्न पडला, की यात मुंबई कुठे आहे? एकाही चित्रात इमारत नाही, विजेची तार नाही, माणूस नाही. मंडळातील एका मित्राला विचारले तर तो म्हणाला, "अगं, तार चौकटीत आली की जंगलाचा भास जातो." भास हा शब्द त्याचा, माझा नव्हे.

हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. एवढे जंगल शहराच्या पोटात टिकले, याचे एक मोठे कारण म्हणजे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तलाव. मुंबईला पाणी हवे होते, म्हणून तलावांभोवतीचे डोंगर राखले गेले. शहराच्या तहानेने राखलेल्या या जंगलात शहर नाहीच असे दाखविणारे चित्र कितीही देखणे असले, तरी त्याला खरे म्हणावे का?

कारवीचेच पाहा. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलली की कॅमेरे घेऊन सारे जांभळ्या उतारांकडे धावतात. पण त्याच कारवीच्या काठ्या उभ्या करून, वर शेणमाती लिंपून वारल्यांच्या घरांचे कूड होतात. कारवीचे हे दुसरे रूप प्रदर्शनात नव्हते. फूल आले, घर राहिले.

मी हे अलिप्तपणे लिहीत नाही, हे सांगून टाकते. कांदिवली पूर्वेला उद्यानाच्या भिंतीलगतच्या वस्तीत आम्ही राहतो. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दिवेलागणीनंतर आई धाकट्या भावाला एकट्याला बाहेर जाऊ देत नाही. गेलाच तर मोबाईलवर मोठ्याने गाणे लावून जायचे, असा तिचा दंडक आहे. २००४ साली बिबट्याच्या हल्ल्यांनी ही सारी उपनगरे हादरली होती. तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण आमच्या गल्लीत ते साल अजून बोलण्यात येते. आमच्यासाठी बिबट्या हा 'दुर्मीळ क्षण' नाही, शेजारी आहे. कचरा साठला की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो. म्हणूनच आई कचऱ्याच्या ढिगावरून साऱ्या गल्लीशी भांडते.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील झोपड्या हटविण्याचा आदेश दिला आणि पुढे हजारो घरे पाडली गेली. जंगल राखायलाच हवे, त्याबद्दल माझा वाद नाही. उन्हाळ्यात त्याचा गारवा पहिल्यांदा आम्हालाच लागतो. पण चित्रात ज्याला कधी जागाच मिळत नाही, तो माणूस 'अतिक्रमण' ठरायला फारसा वेळ लागत नाही, असे मला वाटते.

कुणी म्हणेल, तार आणि पत्रे दाखवून कला कशी होणार? त्याला उत्तर आपल्याच शेजारचे आहे. नयन खानोलकर यांच्या ज्या छायाचित्राला २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले, ते उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीतले आहे. घरांमधला अरुंद बोळ, आणि त्यातून चाललेला बिबट्या. त्यांनी फ्लॅश असे लावले, की बोळातला नेहमीचाच उजेड वाटावा; कॅमेरा असा ठेवला, की जनावराने सारी चौकट व्यापू नये. त्यासाठी त्यांनी चार महिने वाट पाहिली. वाघोबाला पुजणारे वारली बिबट्यासह कसे राहतात, हे त्यांना दाखवायचे होते. त्या चित्रातून घरे काढून टाका, काय उरेल? बिबट्याचा आणखी एक फोटो.

आणि ज्या छायाचित्रांनी बिबट्याचे खरे काम झाले, ती तर मुळीच देखणी नसतात. झाडाला बांधलेले दोन कॅमेरे समोरासमोर, मधून जनावर गेले की आपोआप टिपले जाते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके निराळे, म्हणून त्यावरून मोजणी होते. २०१५ च्या मोजणीत या परिसरात ३५ बिबटे आढळले. त्या फोटोंत कधी नुसती शेपटीच असते, तरी ते कुणी फेकून देत नाही!

तेव्हा निसर्ग मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढील वर्षी दालनाची एक भिंत आमच्यासाठी ठेवावी. पाड्यांवरची आणि वस्त्यांतली मुलेमुली आपल्याच वर्गांत बसतात, आणि मोबाईल आता त्यांच्याही हातात आहे. घरांचे फोटो घरच्यांना विचारून काढले जातील, हे आम्ही पाहू. निवड समितीने मात्र, तार दिसते या कारणावरून ते बाद करू नयेत.