विहीर नासली तर आडवे बोअर तारील काय?

पवनाकाठचे शिरगाव शेतीचे गाव. पण शेजारून द्रुतगती महामार्ग जातो, तळेगावची कारखानदारीही लांब नाही. उद्या एखादा टँकर कलंडला आणि विहिरीच्या पाण्याला तेलाचा वास येऊ लागला तर करायचे काय? याचा विचार आजच केलेला बरा.

आडवे बोअर आपल्याला नवे नाही. पाणी आटले की विहिरीत यंत्र उतरवायचे आणि चारी अंगांना बोअर मारायचे. झरा लागला तर नशीब! दूषित भूजल साफ करायलाही आडव्या विहिरी वापरतात. अमेरिकेत सव्हाना रिव्हर अणुप्रकल्पाच्या आवारात धातू धुण्याचे रसायन जमिनीत मुरले होते. तिथे १९८८ मध्ये आडव्या विहिरी घेतल्या. १९९० मध्ये खालच्या विहिरीतून हवा सोडली आणि वरच्या विहिरीतून ती रसायनाच्या वाफेसकट ओढून घेतली. साडेचार महिन्यांत सुमारे सात टन रसायन बाहेर आले.

मात्र तिथली जमीन वाळू-मातीची, आपला काळा पाषाण. इथे पाणी मुरुमातून आणि भेगांतून चालते. बोअरला जी भेग लागेल तेवढेच पाणी हाती येते, बाकीची घाण जागच्या जागी. शिवाय हवेने उडणारे रसायनच असे निघते. क्षार आणि जड धातू निघत नाहीत. उलट न तपासता बोअर मारले, तर शेजारचे घाण पाणी आपल्याच विहिरीत यायचे.

आणि खर्च कोणी करायचा? राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रसायन कारखान्यांमुळे विहिरी नासल्या. ज्याने घाण केली त्यानेच भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. तरी २०११ मध्ये न्यायालयाला पैसे भरण्याचा हुकूम पुन्हा काढावा लागला. पंधरा वर्षे गेली!

म्हणून ग्रामपंचायतीने पाणी चांगले आहे तोवरच विहिरींचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून दप्तरी नोंद ठेवावी. नेहमीच्या तपासणीत क्षार आणि जंतू पाहतात. तेल आणि कारखान्यांची रसायने मुद्दाम सांगून तपासून घ्यावीत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि २००९ चा भूजल कायदाही हाताशी आहे. पण आधी पाणी चांगले होते, हे कागदावर नसेल तर दाद मागायची कशाच्या जोरावर?